वाचक विचारतात : बर्फावर आधी कोणाचे पाऊल पडले?

गेल्या अंकात एका विद्यार्थ्याला दोन ओळींत उत्तर देताना मी लिहिले होते की, अंटार्क्टिकाच्या भूमीवर उतरलेली पहिली स्त्री म्हणजे कॅरोलिन मिकेलसन. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रे आली, तेवढी सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅक रोगाविषयी लिहिलेल्या चार पानांवरही आली नव्हती. त्यांतील सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिले पत्र माझी चूक दाखवणारे असल्यामुळे ते आधी घेतले आहे.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुली सामान्यज्ञानाच्या स्पर्धेची तयारी करीत आहेत. तुमच्या अंकात कॅरोलिन मिकेलसन हे उत्तर आहे आणि शाळेच्या कपाटातील एका पुस्तकात इंग्रिड क्रिस्टेन्सेन हे नाव आहे. मुलींनी कोणते उत्तर लिहावे? (एक शिक्षिका, घाटंजी तालुका)

उत्तर : बाई, चूक माझी आहे, परंतु ती माझ्या एकट्याची नाही. जवळपास साठ वर्षे सगळे जग हीच चूक करीत होते. १९३० च्या दशकात लार्स क्रिस्टेन्सेन नावाच्या नॉर्वेतील मोठ्या व्यावसायिकाची देवमाशांची शिकार करणारी जहाजे अंटार्क्टिकाच्या समुद्रात जात असत. त्यांना रसद पुरविणाऱ्या ‘थॉर्सहाव्न’ या जहाजाचे कप्तान क्लारियस मिकेलसन हे होते आणि डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या त्यांच्या पत्नी कॅरोलिन त्यांच्यासोबत प्रवासाला निघाल्या होत्या. २० फेब्रुवारी १९३५ रोजी ही मंडळी होडीतून किनाऱ्यावर उतरली, त्यांनी दगडांची रास रचून तिच्यावर नॉर्वेचा ध्वज लावला आणि ती जहाजावर परतली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी ती दगडांची रास शोधून काढली आणि जागेचे नीट मोजमाप केले, तेव्हा ती मुख्य भूमीवर नसून किनाऱ्यालगतच्या ट्रायन बेटांपैकी एका बेटावर असल्याचे त्यांना आढळले. अंटार्क्टिकात बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या समुद्रावरही बर्फ साचलेले असते, त्यामुळे उतरणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. त्या उतरणाऱ्यांना यासाठी दोष देता येणार नाही.

इंग्रिड क्रिस्टेन्सेन या लार्स यांच्या पत्नी. त्या चार वेळा त्या समुद्रात गेल्या आणि चौथ्या सफरीत, ३० जानेवारी १९३७ रोजी, स्कलिन मोनोलिथ या समुद्रातून उभ्या उठलेल्या काळ्या कड्याच्या पायथ्याशी उतरल्या. ती मात्र नक्की मुख्य भूमी आहे. त्या सफरीत त्यांची मुलगी ऑगस्टा सोफी, तसेच लिलेमोर राख्लेव आणि सोल्व्हाइग विडेरो अशा आणखी तीन स्त्रिया होत्या, आणि तिथल्या समुद्रतळावरील एका उथळ भागाला आजही ‘चार स्त्रियांचा उथळा’ अशा अर्थाचे नाव आहे. म्हणून स्पर्धेत प्रश्न ‘मुख्य भूमीवर’ असा असेल, तर मुलींनी इंग्रिड क्रिस्टेन्सेन हे नाव लिहावे. ‘अंटार्क्टिका प्रदेशात’ एवढेच विचारले असेल, तर कॅरोलिन मिकेलसन यांचे उत्तर चूक धरता येणार नाही. परीक्षकांनी हा फरक केला नसेल, तर बाई, आपण त्यांना हे पान अवश्य दाखवावे.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ज्या किनारपट्टीला आज ‘इंग्रिड क्रिस्टेन्सेन किनारा’ म्हणतात, तिथेच प्रिड्झ उपसागराच्या काठी लार्समन टेकड्या आहेत, आणि २०१२ पासून भारताचे ‘भारती’ हे संशोधन केंद्र त्या टेकड्यांवर उभे आहे. १९३५ मध्ये या टेकड्यांची प्रथम नोंद केली, ती कॅरोलिन यांचे पती क्लारियस मिकेलसन यांनीच. आपल्या मुलींना उत्तरापेक्षा हा धागा अधिक लक्षात राहील, असे मला वाटते.

प्रश्न : मी बचत गटात गोधड्या शिवते. पौषात सकाळी वावरात वेचणीला गेले की बोटे वळत नाहीत, मग त्या बाया तिथे नेसत काय होत्या आणि जगत कशा होत्या? मुलाने तुमचे पान वाचून दाखवले, त्यात हे काहीच नव्हते. (मोर्शी तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : काकू, ध्रुवप्रदेशाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारला आहे, आणि तो गोधडी शिवणाऱ्या हातांनी विचारावा हेही योग्यच आहे. युरोप-अमेरिकेतून उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या ज्या पुरुषांची नावे पुस्तकांत मोठ्या अक्षरांत छापली जातात, त्यांतील पुष्कळांच्या अंगावरील कपडे तिथल्या इन्युइट या मूळ रहिवासी समाजाच्या स्त्रियांनी शिवलेले होते. लोकरीचे कापड घामाने ओले होते आणि मग गोठून पत्र्यासारखे कडक होते. इन्युइट स्त्रिया कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचे दुहेरी कपडे शिवत. आतल्या कपड्याचे केस अंगाकडे आणि बाहेरच्याचे केस बाहेरच्या बाजूला. या हरणाचा केस आतून पोकळ असल्यामुळे त्यात हवा कोंडून राहते, जशी ती आपल्या गोधडीच्या थरांमध्ये राहते. पायांतले बूट सीलच्या कातड्याचे असत आणि कातडे मऊ करण्यासाठी बाया ते दातांनी तासन्‌तास चावत. दोरा म्हणून जनावराच्या पाठीची शीर चिरून वापरत, कारण ती ओली झाली की फुगते आणि सुईने पडलेले छिद्र आपोआप बुजते. खरी करामत टाक्यात होती. सुई एका कातड्यातून पूर्ण आणि दुसऱ्यातून अर्धीच नेली जाई, म्हणजे पाणी आत शिरेल असे आरपार छिद्र कुठेच राहत नसे. तुम्ही आयुष्यभर धावदोरा घातला आहे. पातळ कातड्याच्या निम्म्या जाडीतून सुई फिरवणे म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक कळेल. एक टाका चुकला, तर शिकाऱ्याचा पाय गळून पडण्याची पाळी येई.

अमेरिकन प्रवासी रॉबर्ट पिअरी यांच्या पत्नी जोसेफिन १८९१ मध्ये त्यांच्यासोबत उत्तर ग्रीनलंडला गेल्या आणि तिथे एक संपूर्ण हिवाळा राहिल्या. दुसऱ्या खेपेस, सप्टेंबर १८९३ मध्ये, त्यांना तिथेच मुलगी झाली. सर्वत्र त्या मुलीचे ‘हिमबालिका’ म्हणून कौतुक झाले. तिच्या नावात ‘आह्निघितो’ असा एक शब्द आहे. ज्या स्थानिक स्त्रीने त्या बाळाचा पहिला केसाळ पोशाख शिवला, तिचेच ते नाव होय. शिवणारणीचे नाव अशा तऱ्हेने इतिहासात उरले, पण ते दुसऱ्याच्या मुलीच्या नावात उरले.

आता या स्त्रियांपैकी दोघींविषयी सांगतो. पहिली टाकुलिट्टुक. कॅनडाच्या उत्तरेतील बॅफिन बेटाकडची ही इन्युइट स्त्री पती एबिएरबिंग यांच्यासह १८५३ मध्ये इंग्लंडला जाऊन आली होती, राणी व्हिक्टोरियाला भेटली होती आणि उत्तम इंग्रजी बोलत होती. अमेरिकन प्रवासी चार्ल्स फ्रान्सिस हॉल यांच्या सफरींमध्ये ती अनेक वर्षे दुभाषी होती. हॉल यांच्या शेवटच्या सफरीत, १८७१ मध्ये, हे दाम्पत्य ‘पोलॅरिस’ जहाजावर होते. हॉल यांचा त्याच वर्षी मृत्यू झाला, आणि ऑक्टोबर १८७२ मध्ये वादळात जहाज बर्फापासून तुटून दूर गेले, तेव्हा १९ माणसे एका तरंगत्या हिमखंडावर मागे राहिली. त्यांत दहा खलाशी व अधिकारी, दोन इन्युइट दाम्पत्ये आणि त्यांची पाच मुले होती. सर्वांत लहान मूल दोनच महिन्यांचे होते. साडेसहा महिने तो हिमखंड वितळत, फुटत, दक्षिणेकडे सुमारे २,९०० किलोमीटर वाहत गेला. खलाशांनी थंडीने कासावीस होऊन दोन होड्यांपैकी एक होडी जाळण्यासाठी फोडली, म्हणजे पुढे सुटकेसाठी लागणारी वस्तूच चुलीत घातली. एबिएरबिंग आणि दुसऱ्या कुटुंबातील हान्स हेंड्रिक सीलची शिकार करीत आणि बायका चरबीचे दिवे तेवत ठेवीत, कपडे सांधीत, मिळेल ते सर्वांना पुरवून देत. ३० एप्रिल १८७३ रोजी एका शिकारी जहाजाने त्यांना उचलले, तेव्हा एकोणीसच्या एकोणीस जिवंत होते. पुढे टाकुलिट्टुक अमेरिकेतील ग्रोटन गावी राहिली आणि १८७६ च्या शेवटच्या दिवशी तिथेच वारली.

दुसरी एडा ब्लॅकजॅक, आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिची गोष्ट मला कधी सोडत नाही. अलास्कातील इन्युपियाट समाजाच्या या तरुणीचा मुलगा क्षयाने आजारी होता. उपचाराला पैसा नव्हता, म्हणून तिने त्याला अनाथालयात ठेवले होते. १९२१ मध्ये कॅनडात जन्मलेले ध्रुवप्रवासी विल्यालमुर स्टेफान्सन यांनी सायबेरियाच्या उत्तरेकडील व्रांगेल बेटावर हक्क सांगण्यासाठी चार तरुण पाठवले. स्वतः ते गेले नाहीत. त्या चौघांना शिवणकाम आणि स्वयंपाकासाठी कोणी हवे होते. महिन्याला ५० डॉलर मिळतील, मुलाचा उपचार होईल, या हिशेबाने एडा तयार झाली. तिच्यासोबत आणखी इन्युपियाट कुटुंबे येणार होती, ती ऐनवेळी मागे फिरली आणि ही एकटीच चार परक्या पुरुषांबरोबर गेली. अन्न सहा महिन्यांचे होते, बाकी शिकारीवर भागेल असा अंदाज होता. १९२२ च्या उन्हाळ्यात रसद घेऊन येणारे जहाज बर्फामुळे पोहोचू शकले नाही. जानेवारी १९२३ मध्ये तिघे जण मदत आणण्यासाठी बर्फावरून सायबेरियाच्या दिशेने निघाले. त्यांचा पुढे कधीच पत्ता लागला नाही. चौथे, लॉर्न नाइट, स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराने, अंथरुणाला खिळले होते.

ज्या बाईला बंदुकीची सवय नव्हती आणि अस्वलांची भीती वाटत होती, तिने त्या हिवाळ्यात कोल्ह्यांसाठी सापळे लावले, स्वतःहून नेम धरायला शिकली, अस्वल दुरून दिसावे म्हणून उंच मचाण बांधले आणि आजारी माणसाचे बोल ऐकत त्याची शुश्रूषा केली. जूनमध्ये नाइट वारले. त्यानंतर ऑगस्टपर्यंत त्या बेटावर ती आणि व्हिक नावाची एक मांजर एवढ्याच होत्या. सुटकेचे जहाज आले, तेव्हा तिने सीलच्या कातड्याची एक होडीसुद्धा तयार करून ठेवली होती. परतल्यावर पैसे अपेक्षेपेक्षा कमी मिळाले आणि काही वर्तमानपत्रांनी तिच्यावरच शंका घेतली. तरीही तिने मुलाला उपचारासाठी सिअ‍ॅटलला नेले. १९८३ मध्ये ती वारली. तिला कोणी शोधप्रवासी म्हणून नेले नव्हते, तर चार माणसांचे कपडे शिवायला नेले होते. त्या पाचांपैकी जिवंत परतली ती एकटी.

प्रश्न : तुमच्या त्या दोन ओळी वाचल्या. बर्फावर गेलेल्या अशा बहुतेक स्त्रिया नवऱ्याच्या मागे मागे गेल्या असे दिसते. नवरा जहाजाचा मालक किंवा कप्तान असेल तर बायको जाणारच. यात पराक्रम तो कोणता? (एक निवृत्त ग्रामसेवक, अकोट)

उत्तर : भाऊसाहेब, आपला आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही. वर सांगितलेल्या इंग्रिड, कॅरोलिन व जोसेफिन या तिघीही नवऱ्यामुळेच तिथे पोहोचल्या. अमेरिकेच्या एडिथ रॉन यांची, ज्यांना सगळे जॅकी म्हणत, गोष्ट तर अशी आहे की १९४७ मध्ये त्या पतीला केवळ निरोप द्यायला निघाल्या होत्या. तेथून थोडे पुढे, तेथून आणखी थोडे पुढे असे करीत त्या चिलीपर्यंत आल्या आणि शेवटी अंटार्क्टिकात स्टोनिंग्टन बेटावर वैमानिकाची पत्नी जेनी डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी अख्खा हिवाळा काढला. तिथे हिवाळा काढणाऱ्या त्या पहिल्या दोन स्त्रिया. दोन बाया बरोबर येणार हे कळल्यावर मोहिमेतील काही पुरुषांनी विरोध केला होता. जॅकी यांनी वर्तमानपत्रांसाठी मोहिमेची वार्तापत्रे लिहिली, निरीक्षणांच्या नोंदी ठेवल्या. आज तिथल्या समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या एका प्रचंड थराला, म्हणजे हिममंचाला, रॉन हेच नाव आहे.

पण नवऱ्याशिवाय जाणारीला दार उघडे होते काय, हेही आपण पाहावे. जानेवारी १९१४ मध्ये ब्रिटिश ध्रुवप्रवासी अर्नेस्ट शॅकल्टन यांनी अंटार्क्टिकाच्या मोहिमेची घोषणा केली, तेव्हा इंग्लंडमधील तीन तरुणींनी त्यांना पत्र लिहिले. आम्ही धडधाकट आहोत, आमचे कपडे अडचणीचे वाटत असतील तर आम्ही पुरुषांचे कपडे घालू, पण आम्हाला न्यावे, असे त्यांनी त्या पत्रात विनवले होते. शॅकल्टन यांनी सभ्य शब्दांत उत्तर दिले की, या मोहिमेत स्त्रियांसाठी जागा रिकामी नाही. समोरचे दार बंद असेल तेव्हा माणसे परसदारातून आत शिरतात, आणि त्या काळात परसदार म्हणजे नवरा.

शिवाय नवऱ्याविना गेलेल्याही काही जणी आहेत. कॅलिफोर्नियाच्या लुईज बॉइड यांना वारसाहक्काने मोठी संपत्ती मिळाली. तिच्यातून त्यांनी स्वतः जहाजे भाड्याने घेतली, शास्त्रज्ञ नेमले आणि १९३० च्या दशकात पूर्व ग्रीनलंडच्या खाड्यांचे व हिमनद्यांचे छायाचित्रण केले. १९२८ मध्ये नॉर्वेचे ध्रुवप्रवासी आमुंडसेन बेपत्ता झाले, तेव्हा त्यांनी आपले ठरलेले जहाज आमुंडसेन यांच्या शोधासाठी देऊन टाकले. दुसऱ्या महायुद्धात ग्रीनलंडविषयी त्यांनी जमवलेली माहिती अमेरिकेच्या सरकारला हवी होती. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्या विमानाने उत्तर ध्रुवावरून उडाल्या. मोहिमेच्या मालक त्या स्वतः होत्या, तेव्हा कोणाच्या मागे जाण्याचा प्रश्नच नव्हता. नॉर्वेच्या वानी वोल्डस्टाड ट्रॉम्सो गावात टॅक्सी चालवीत आणि १९३० च्या दशकात नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर शिकारी म्हणून अनेक हिवाळे राहिल्या. सोव्हिएत संघाच्या मारिया क्लेनोवा समुद्रतळाच्या भूशास्त्रज्ञ होत्या. १९५५-५६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकाच्या समुद्रात प्रत्यक्ष मापनाचे काम केले आणि ते सोव्हिएत संघाच्या पहिल्या अंटार्क्टिका नकाशासंग्रहात उपयोगी पडले.

नवऱ्यासाठी झटलेल्या बाईचा पराक्रम पराक्रम नसतो, हेही मला मान्य नाही. ब्रिटिश नौदलाचे जॉन फ्रँकलिन १२८ माणसांसह १८४५ मध्ये उत्तरेच्या बर्फात नाहीसे झाले. त्यांच्या पत्नी जेन यांनी सरकारच्या मागे लागून आणि स्वतःचा पैसा ओतून शोधमोहिमा पाठविल्या. त्या स्वतः त्या बर्फात कधीच गेल्या नाहीत, परंतु त्या शोधांमुळे उत्तरेकडील कॅनडाचा जेवढा किनारा नकाशावर आला, तेवढा फ्रँकलिन जिवंत परतले असते तरी आला नसता. १८६० मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

प्रश्न : दक्षिण ध्रुवावर पोहोचलेली पहिली महिला कोण? कृपया एकच नाव सांगावे, स्पर्धा परीक्षेसाठी हवे आहे. (एक विद्यार्थी, गोंदिया)

उत्तर : एकच नाव सांगता येत नाही, आणि ते सांगता येऊ नये अशी त्या स्त्रियांचीच इच्छा होती. नोव्हेंबर १९६९ मध्ये लॉइस जोन्स, आयलीन मॅकसेव्हनी, के लिंडसे, टेरी टिकहिल, पामेला यंग आणि जीन पिअर्सन अशा सहा जणी विमानाने ध्रुवावर उतरल्या. अमेरिकेच्या नौदलाने तोपर्यंत स्त्रियांना तिथे नेण्यास नकार दिला होता. विमानाच्या मागील उतरंडीवरून कोणीतरी आधी उतरणार आणि मग तिचेच नाव छापून येणार, हे ओळखून त्या सहा जणींनी हातात हात गुंफले आणि एकाच वेळी बर्फावर पाऊल ठेवले. पर्यायांत एकच नाव असेल, तर तो प्रश्न चुकीचा आहे असे समजावे.

प्रश्न : माझे वडील कोळसा खाणीत कामाला आहेत. आमच्या सर म्हणाले की, आपल्या खाणीतला कोळसा आणि दक्षिण ध्रुवाकडचा कोळसा एकच आहे आणि एका बाईला तो पाहायला जाऊ दिले नाही. हे खरे आहे का? (अकरावीतील विद्यार्थिनी, वणी)

उत्तर : तुझ्या सरांनी खरेच सांगितले आहे, फक्त त्यात थोडी भर घालतो. वणी, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यातील कोळसा २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या जंगलांचा आहे. त्या जंगलांत ग्लॉसॉप्टेरिस नावाची झाडे फार होती आणि त्यांची पाने जिभेच्या आकाराची असत. त्या काळी भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांना जोडलेले होते आणि त्या अखंड भूखंडाला आज जग ‘गोंडवाना’ म्हणते. नाव आपल्याच गोंड लोकांच्या भूमीवरून दिलेले आहे. कामठीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांतही ही पाने दगड होऊन सापडतात.

तू म्हणतेस त्या बाई म्हणजे मेरी स्टोप्स. जीवाश्म वनस्पतींच्या, म्हणजे दगड झालेल्या झाडापानांच्या, या ब्रिटिश अभ्यासक मँचेस्टर विद्यापीठात शिकवीत होत्या. गोंडवानाची कल्पना खरी असेल, तर अंटार्क्टिकातही ग्लॉसॉप्टेरिस मिळाले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. ब्रिटिश ध्रुवप्रवासी रॉबर्ट स्कॉट यांच्या भेटीत त्यांनी मलाही मोहिमेत न्या, असे म्हटले. नेणे शक्य नाही, पण तुमच्यासाठी जीवाश्म आणीन, असे स्कॉट यांनी सांगितले. जानेवारी १९१२ मध्ये स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परतीच्या वाटेवर अन्न संपत आले होते, पाय गोठत होते, तरीही त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बिअर्डमोर हिमनदीच्या काठच्या खडकांतून सुमारे १६ किलो नमुने गोळा केले आणि घसरगाडीवर ओढत आणले. नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला त्यांचे तंबूतील मृतदेह सापडले, तेव्हा ते दगड तिथेच होते. त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने होती. मृत्यू समोर दिसत असताना या माणसांनी ते ओझे फेकले नाही. ते पाहायला जिचे डोळे सर्वांत तयार होते, ती मात्र तिथे नव्हती, याची मला खंत वाटते.

मेरी स्टोप्स पुढे कुटुंबनियोजनाच्या कार्यामुळे अधिक गाजल्या आणि त्या काळातील त्यांची काही मते आज पटणारी नाहीत. पण कोळशाचे काम त्यांनी सोडले नव्हते. वडिलांना विचारून कोळशाचा एक खडा घरी आण आणि उन्हात फिरवून पाहा. त्यात चकाकणारे आणि मंद असे पट्टे दिसतील, आणि एखादा पट्टा बोटांना लोणारी कोळशासारखी काजळी लावील. चकाकणाऱ्या पट्ट्याला विट्रेन आणि काजळी लावणाऱ्याला फ्युसेन म्हणतात; ही नावे १९१९ मध्ये मेरी स्टोप्स यांनीच दिली आणि कोळशाचे अभ्यासक ती आजही वापरतात.

प्रश्न : बर्फावर गेलेल्या स्त्रियांत आपल्याकडची कोणी नाही का? मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिथे फक्त शास्त्रज्ञांनाच नेतात का? (एक विद्यार्थिनी, मेहकर)

उत्तर : आहे, आणि आपल्या विदर्भातच जन्मलेली आहे. अदिती पंत यांचा जन्म १९४३ मध्ये नागपुरात झाला. घराणे औंधच्या पंतप्रतिनिधींचे, वडील अप्पा पंत परराष्ट्रसेवेतील, आई शल्यचिकित्सक. पुण्यातून विज्ञानाची पदवी घेतल्यावर त्या हवाई विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकल्या, लंडनला डॉक्टरेट मिळविली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करू लागल्या. डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि जादवपूर विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अशा दोघी होत्या. भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या या पहिल्या स्त्रिया. पंत यांनी तिथल्या समुद्राच्या पाण्याचा आणि त्यातील सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास केला, तर सेनगुप्ता यांनी शिरमाकर टेकड्यांतील खडकांचा. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले केंद्र उभारले गेले. पंत पाचव्या मोहिमेतही पुन्हा गेल्या. इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये ‘भारती’ केंद्रावर ४०३ दिवस काढले. तोपर्यंत त्यांनी बर्फ पडताना कधी पाहिलेही नव्हते, आणि त्या ज्या किनाऱ्यावर राहिल्या, तो वर सांगितलेला इंग्रिड क्रिस्टेन्सेन किनारा.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की, केंद्र चालू ठेवायला शास्त्रज्ञांइतकीच कारागिरांची गरज असते. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र मोहिमांची व्यवस्था पाहते आणि स्वयंपाकी, डॉक्टर, वाहन-यांत्रिक, वेल्डर, सुतार, तसेच इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी जाहिराती काढते. निवड झालेल्यांची दिल्लीच्या एम्स रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडातील औली येथे बर्फातील वावराचे प्रशिक्षण दिले जाते. अनुभवाची अट असते, म्हणून आयटीआयचे प्रमाणपत्र हाती पडल्यावर आधी जनित्रावर आणि मोठ्या वीजसंचावर दोन-तीन वर्षे काम कर, कामाचे दाखले जपून ठेव आणि त्या केंद्राच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. अटी त्या त्या जाहिरातीत वाचूनच अर्ज कर.